साडूचं नाक आणि एक एकर तेम्प्रानियो

मस्कत

"आत! आधी पिशवीत घाला ती! आणि उभी नाही हो, आडवी! आडवी!"

मस्कतच्या विमानतळाबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, माझे साडू विलासराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या तीन गाड्यांतली माणसं कुणाला चक्कर आली ते बघायला खाली उतरली. माझ्या हातात फक्त एक बाटली होती. दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या स्वतःच्या एका एकरातल्या द्राक्षांची लाल वाइन, नाशिकहून बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळून आणलेली. साडू दिसल्याबरोबर आधी राम राम करायचा की आधी बाटली दाखवायची, असा पेच पडला आणि मी बाटली दाखवली, एवढाच माझा गुन्हा.

"इथं अशी उघड्यावर नाचवायची नसते, साडूभाऊ," विलासराव आवाज उतरवत म्हणाले. "आणि उभी ठेवली की बूच कोरडं पडतं. रिओहात तर..."

"हिला बूच नाही," मी म्हणालो. "फिरकीचं झाकण आहे."

विलासरावांनी पिशवी तरीही आडवीच ठेवली. मग गाडीचं दार उघडलं.

तेवढ्या वेळात जुलैतल्या मस्कतनं माझी ओळख करून घेतली. माझा चष्मा धुरकटला, मिशा ओल्या झाल्या आणि डावी चप्पल डांबराला अशी चिकटली की मी गाडीत बसलो तरी ती दोन मिनिटं तिथंच विचार करत होती. आमची मंगल, म्हणजे सौभाग्यवती, मागच्या सीटवर बसून गार हवेत म्हणाली, "किती छान गाडी आहे हो विलासरावांची." पहिला घाव तो.

विलासराव म्हणजे मंगलच्या धाकट्या बहिणीचे, सुषमाचे यजमान. मूळचे पुण्याचे, मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात खाण्यापिण्याच्या खरेदीचे साहेब. हॉटेलनं एकदा त्यांना पंधरा दिवस स्पेनच्या उत्तरेकडं रिओहाला धाडलं, वाइन शिकायला. पंधरा दिवस! माझी म्हैस याहून जास्त दिवस रुसून बसते. पण तेव्हापासून हा माणूस असं बोलतो की जणू तिथल्या एब्रो नदीला पहिलं पाणी यांनीच सोडलं. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाकार्यात सगळे सासरवाडीकर यांच्याभोवती कोंडाळं करून बसतात, हे पाण्याच्या ग्लासातसुद्धा नाक घालतात, आणि सासूबाई म्हणतात, "आमच्या धाकट्या जावयाचं नाक म्हणजे नाक हो." थोरला जावई तिथंच पंगतीत वाढत असतो.

त्या जळफळाटातूनच तीन वर्षांपूर्वी मी माझ्या सात एकरांतला एक एकर खाण्याच्या द्राक्षांतून काढला आणि त्यात रिओहाचीच राणी लावली, तेम्प्रानियो. आमच्या गड्यांनी पहिल्याच दिवशी तिचा 'टेम्पो' करून टाकला. शेजारच्या छोट्या वायनरीवाल्याच्या गळी पडून यंदाचा पहिला माल वेगळा गाळून घेतला, स्टीलच्या टाकीत वेगळा ठेवला, वेगळा भरला. मंगल तीन वर्षं बघत होती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं अट घातली. "विलासरावांनी नाक लावून चांगली म्हटली तर राहू दे तुमचा टेम्पो. नाही म्हटली, तर ऑक्टोबरच्या छाटणीआधी त्यावर खाण्याच्या थॉमसन द्राक्षाचं कलम."

म्हणजे माझा एकर कुणाच्या नाकावर टांगलेला? तर ज्या नाकावर मी उभा जन्म जळलो, त्याच्या!

निझवा

दुसऱ्या दिवशी विलासरावांनी आम्हांला गाडीत घालून आतल्या मुलखात नेलं. दोन्हीकडं नुसते डोंगर, आणि डोंगरावर गवताचं पातं नाही. वाटेत त्यांनी रिओहा काढलं. तिथल्या जुन्या वेलींना म्हणे तार नाही, मांडव नाही. गुडघ्याएवढं खोड, वर मुठीसारखी डोकी, आणि अशा म्हाताऱ्या वेली ऐंशी-ऐंशी वर्षं फळ देतात. तेम्प्रानियो लवकर पिकते, तिच्यात गार्नाचा घालायची म्हणजे ऊब येते, ग्रासियानो घालायची म्हणजे वास आणि धार येते, मासुएलो घालायची म्हणजे कणा ताठ राहतो. पांढरी हवी तर विउरा. मग पिंपात मुरवायची. वर्षभर पिंपात आणि पुढं थोडी बाटलीत झाली की क्रियान्सा, तीन वर्षं झाली की रेसेर्वा, पाच झाली की ग्रान रेसेर्वा.

"आणि थंडीत वेली झोपतात," विलासराव म्हणाले. "चार महिने. वर बर्फ."

हे मात्र मला लागलं. माझ्या वेलींना झोप कुठली? एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, वर्षातून दोनदा कात्री. त्यांना जरा डोळा लागला की मी आहेच उशाशी. जगात कुठं वेली पांघरूण घेऊन झोपतात आणि तरी त्यांच्या मालकाला लोक नावाजतात, हा कुठला न्याय? मी खिडकीतून बघत म्हणालो, "आमच्याकडं एक वेल आहे, दीडशे वर्षांची. तिच्या खोडाला बैल बांधतात."

"कुठं?" मंगलनं मागून विचारलं.

"तू पाहिली नाहीस," मी म्हणालो.

निझव्याचा बाजार किल्ल्याच्या पायथ्याशी. खजूर, चांदीचे खंजीर, मातीची भांडी. हलव्याच्या दुकानात मोठ्या परातीत तपकिरी हलवा, वर बदाम. चमच्यानं चाखायला देतात आणि सोबत इवल्याशा कपात वेलदोड्याची कडू कॉफी. आपल्याकडं पाहुण्याचा कप भरून वाहीपर्यंत ओततात, इथं तळ झाकेल एवढीच. प्यालो की पुन्हा ओततात. पुरे असेल तर कप हलवायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नऊ कप प्यालो. खोटं वाटत असेल तर मंगलला विचारा. ती बारा सांगते. विलासरावांनी हलव्यावर नाक धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "केशर, गुलाब, आणि मागं थोडासा धूर." दुकानदार खूश. मंगल खूश. मी दहावा कप मागितला.

पुढं एका पाटीत डोंगरावरची काळी द्राक्षं दिसली. माझ्या खिशात मणी मोजायची प्लास्टिकची पट्टी असते, गोल भोकांची. काही लोक खिशात देवाचा फोटो ठेवतात, तशी. मी तिथंच एक मणी घेऊन भोकात घातला. बारा मिलिमीटर! माझ्या पोटात कसं गार गार वाटलं. आमच्याकडं अठराच्या खालचा माल परदेशी जायच्या पेटीत घेतसुद्धा नाहीत.

जबल अख्दर

जबल अख्दर म्हणजे हिरवा डोंगर. पायथ्याशी पोलीस चौकी. चारही चाकांना जोर असलेली गाडी नसेल तर परत फिरवतात. विलासरावांची होती. अर्थात होती. घाट असा उभा की वर चढताना मला माझ्याच गुडघ्यांतून आभाळ दिसत होतं. वर पोचलो, दार उघडलं, आणि गार वारा! खाली मस्कत तव्यासारखं तापलेलं, आणि इथं जुलैत मंगलनं शाल पांघरली. बाटलीचीच शाल.

डोंगराच्या कड्यावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं. डाळिंब, अक्रोड, गुलाब, आणि लाकडी मांडवांवर द्राक्षं. त्या पायऱ्यांमधून दगडी पाटाचं पाणी वाहतं, त्याला फलज म्हणतात. डोंगरातल्या झऱ्यातून निघतं, पंप नाही, वीज नाही, आपल्या पायांनी चालत येतं. प्रत्येक बागेची वेळ ठरलेली. तुझी वेळ झाली की दगड बाजूला कर, संपली की लाव. मी विचारलं, भांडणं? विलासराव म्हणाले, "नाहीत." आमच्याकडं पाण्याची पाळी चुकली की दोन चुलतभावांची तोंडं तीन पिढ्या वेगळ्या दिशेला असतात. मी त्या पाटात पाय सोडून बसलो. पाणी गार होतं आणि मी आतून भाजत होतो.

बाग सालेमकाकांची. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, वय सत्तरच्या पुढं. त्यांच्याकडून हॉटेल डाळिंबं घेतं, म्हणून विलासरावांची ओळख. वाइनचा शब्द त्यांच्यापुढं काढायचा नाही, असं विलासरावांनी घाटातच बजावलं होतं. काकांनी चटई टाकली, खजूर ठेवला, द्राक्षांचा घोस धुऊन दिला. त्यांची हिंदी आमच्या गावच्या तलाठ्यापेक्षा बरी.

"तुम भी किसान?" त्यांनी विचारलं.

आता माझा बांध फुटला. मी फोन काढून माझ्या टेम्पोचे फोटो दाखवले. घोस म्हणजे काय, एका घोसाला दोन माणसं लागावीत! मी त्यांना सगळं सांगितलं. खाण्याच्या द्राक्षांना करतो तेच सगळे लाड मी तिचेही केले होते. विरळणी केली, आणि प्रत्येक घोस हातानं धरून जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या पाण्यात बुडवला. एकदा नाही, दोनदा. वर ठिबकनं पोटभर पाणी. मण्याची साल ताणून काचेसारखी झाली होती. वायनरीवाला माल बघून काही बोलला नव्हता. मी समजलो, भारावला.

सालेमकाकांनी चष्मा लावला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"यह अंगूर है," त्यांनी विचारलं, "या बैंगन?"

मी विलासरावांकडं विजयानं पाहिलं. जबल अख्दरवरच्या जाणत्या माणसानं माझ्या द्राक्षाला वांगं म्हटलं होतं. याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठं मिळणार? काका मात्र फोन परत देऊन पाटाकडं गेले, त्यांची वेळ झाली होती. त्यांच्या घोसातले मणी टिचभर. मी दोन तोंडात टाकले. आंबट-गोड, सालीला चावताना किंचित तुरट, आणि वास असा की गिळल्यावरही तोंडात बसून राहिला. मला ते आवडले, याचा मला फार राग आला.

मदिनत सुलतान काबूस, शुक्रवार

मस्कतच्या या वस्तीत विलासरावांचं घर. बाहेर बोगनवेल, आत इतकं गार की मी मफलर मागितला. शुक्रवारी सुट्टी, दुपारी जेवण, आणि जेवणाआधी चाखणी. परवान्यावर रीतसर घेतलेल्या रिओहाच्या दोन बाटल्या विलासरावांनी काढल्या, एक क्रियान्सा, एक रेसेर्वा, आणि तिसरी माझी. पाहुणी म्हणून त्यांच्या हॉटेलातली मार्ता येणार होती. ही खरी रिओहाची, आजोबांची तिथं वेलींची बाग, आणि हॉटेलात कुणी कुठली वाइन प्यावी हे सांगायची नोकरी. अशा नोकऱ्या असतात! आणि आम्ही पोरांना तलाठी व्हा म्हणून सांगतो.

बाटलीवरून ओळखू येऊ नये म्हणून विलासरावांनी तिन्ही वाइन काचेच्या तीन जगांत ओतल्या. खाली आकड्यांचे कागद: एकवर क्रियान्सा, दोनवर माझी, तीनवर रेसेर्वा. "बाकीच्यांना ठाऊक नको," ते मला म्हणाले. "आणि मला ठाऊक असलं काय, नसलं काय, सारखंच. नाकाला कागद वाचता येत नाही."

मग ते मार्ताला आणायला फाटकाशी गेले. सुषमा स्वयंपाकघरात, मंगल देवघरापाशी. आणि मी त्या तीन जगांसमोर एकटा.

मी चोर नाही. पण एक एकर म्हणजे तेराशे वेली हो! मी दोनवरचा जग उचलून तीनवर ठेवला, तीनवरचा दोनवर. झालं. आता ज्या वाइनला हे लोक 'साडूची' म्हणतील ती स्पेनची तीन वर्षं मुरलेली रेसेर्वा. कुणाची टाप आहे तिला नावं ठेवायची?

मार्ता आली. उंच, केस बांधलेले, हसरी. मंगलनं तिला हळदीकुंकू लावलं. तिनं कुंकू आरशात पाहिलं आणि तसंच राहू दिलं. सुषमा सोडून सगळे बसले. विलासरावांनी प्याले भरले, मान तिरकी केली, आणि नाक घातलं.

एक नंबर: "छान. तरुण आहे. लाल फळं."

दोन नंबर, म्हणजे खरी रेसेर्वा. विलासरावांनी हुंगली, घोट घेतला, माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"हं. प्रयत्न आहे," ते म्हणाले. "पण साडूभाऊ, राग मानू नका. पातळ आहे. वास बसत नाही. शेवट आखूड."

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत थॉमसनचं कलम दिसत होतं.

तीन नंबर. विलासरावांनी प्याला उजेडात धरला. "बघा रंग. थोडा उतरलेला. मुरलेल्या वाइनचा असाच उतरतो." मग नाक. मग डोळे मिटले. "अहाहा! व्हॅनिला. जुनं चामडं. आणि नारळ! ओला नारळ! हे अमेरिकन ओकच्या पिंपाचं देणं. याला म्हणतात रिओहा."

मी उठलो. मला आठवतं ते एवढंच, की टेबल हललं.

"ती माझी आहे!" मी ओरडलो. "तीन नंबर माझी! मी जग बदलले! दिंडोरीची आहे ती, विलासराव, स्टीलच्या टाकीतली! पिंपाचं तोंड बघितलं नाही तिनं!"

सुषमा स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं दाजी?" विलासराव पांढरेफटक. मंगल उभी. दहा वर्षांचं माझं जळणं त्या एका मिनिटात विझलं, नव्हे, त्यावर मी हात शेकले. मी सगळ्यांना मराठीत, हिंदीत आणि मला येत असलेल्या सगळ्या इंग्रजीत सांगितलं की माझी वाइन रिओहाच्या तोडीची आहे, तुमच्या नाकानंच सही केली.

हे सगळं सुषमानं इंग्रजीत मार्ताला सांगितलं. मार्ता तोपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. तिनं तीन नंबरचा घोट पुन्हा घेतला, तोंडात फिरवला, जवळच्या वाटीत हळूच टाकला, आणि मला विचारलं, "तुमच्याकडं तोडणीच्या वेळी फार पाऊस झाला का?"

"एक थेंब नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मग मणी केवढे होते?"

मी खिशातून पट्टी काढून तिला अठराचं भोक दाखवलं. वर फोटोही दाखवले. दोन बुडवण्याही सांगितल्या, हातानं करून.

मार्तानं सुषमाकडं पाहिलं, सुषमानं तिच्याकडं. मग मार्ता सावकाश बोलली आणि सुषमा मराठी करत गेली. तिचे आजोबा लहान मण्यासाठी वेलीला तहानेलं ठेवायचे. रंग, वास, तुरटपणा, सगळं सालीत असतं. मणी फुगवला की साल तेवढीच राहते आणि आत नुसतं पाणी भरतं. "तुम्ही वाइन नाही केली," सुषमा खाली बघत म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही सरबत केलंत, दाजी. फार मेहनतीनं."

"म्हणजे काढायची?" मंगलनं थेट मार्तालाच विचारलं, मराठीत. मार्ताला शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला. तिनं प्याला पुन्हा नाकाशी नेला. बराच वेळ. मी आयुष्यात इतका वेळ कुणाच्या नाकाकडं पाहिलं नाही, लग्न ठरवतानाही.

ती म्हणाली, तळाशी तेम्प्रानियो आहे. पुरून टाकलंय, पण आहे. एक वर्ष काही करू नका. बुडवू नका, पाणी तोडा, मणी वाटाण्याएवढा राहू द्या, लोक हसले तर हसू द्या.

मंगलनं माझ्या हातातली पट्टी घेतली आणि पर्समध्ये टाकली. "एक वर्ष," ती म्हणाली. "त्याच्या वर एक दिवस नाही."

मग आम्ही जेवलो. सुरमईचं कालवण, भात, आणि दोन नंबरच्या जगातली खरी रेसेर्वा. ती प्यायल्यावर मला कळलं की मार्ताचे आजोबा भाग्यवान होते, आणि त्यांचाही हेवा मी रीतसर सुरू केला. विलासराव मात्र मान खाली घालून जेवत होते. नारळ, चामडं, कशाचंच नाव काढत नव्हते.

परतीच्या दिवशी ते आम्हांला विमानतळावर सोडायला आले. मंगल सामानाची गाडी आणायला पुढं गेली, तेव्हा माझ्यानं राहवेना.

"विलासराव, खरं सांगा," मी म्हणालो. "माझ्या वाइनला पिंप माहीत नाही. मग तुम्हांला ओल्या नारळाचा वास आला तरी कुठून?"

विलासरावांनी गाडीला कुलूप लावलं.

"आत सुषमा नारळ खवत होती," ते म्हणाले.